ब्रेकला हात लावाच

"बाकी काहीही कर, ब्रेकला हात लावू नकोस." हे वाक्य गाडीवाल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ऐकलेलं असतं. बाबांकडून, ऑफिसातल्या सिनियरकडून, सोसायटीच्या वॉचमनकाकांकडून. मला तर एका रिक्षावाल्यानेही हा सल्ला दिला होता, ज्याच्या स्वतःच्या रिक्षाचा ब्रेक... असो. वायपर बदल, एअर फिल्टर बदल, बॅटरी बदल, सगळं चालतं. पण ब्रेक? जिवाशी खेळ आहे बाबा, गॅरेजमध्ये दे.

माझं मत बरोबर उलटं आहे. वॉरंटी कधीच संपलेली, दहा-पंधरा वर्षांची, साधी पेट्रोल हॅचबॅक असेल तर तिचे पुढचे ब्रेक पॅड ज्याला पाना धरता येतो त्याने स्वतः बदलावेत. जिवाशी खेळ आहे, म्हणूनच.

पैशाचं आधी बोलून टाकू, कारण असले लेख नेहमी "एवढे हजार वाचवा"ने सुरू होतात. इथे फारसे वाचत नाहीत. छोट्या गॅरेजमध्ये पॅड बदलायची मजुरी काही शे रुपये असते. आणि पहिल्या वेळी तुम्ही जॅक, स्टँड, सॉकेटचा सेट आणि टॉर्क रेंच घ्याल तर चार-पाच वर्षांची मजुरी तिथेच गेली. शिवाय "माझ्या तासाची किंमत" वगैरे हिशेब आपल्या फील्डमधल्या लोकांना फार आवडतो. त्या हिशेबाने तर हे काम शुद्ध तोट्याचं आहे. (त्याच हिशेबाने शनिवारी दुपारी तीन तास सिरीज बघणंही तोट्याचंच आहे, पण तिथे कोणी एक्सेल उघडत नाही.) तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर हा लेख इथेच सोडा.

मुद्दा वेगळा आहे. पॅड बदलणं हे त्या कामातलं सगळ्यात किरकोळ काम असतं. खरं काम असतं चाक काढल्यावर तिथे नीट बघणं, आणि बघायला वेळ फक्त तुमच्याकडे आहे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढच्या डिस्कवर जो कॅलिपर बसतो तो तरंगता असतो. म्हणजे पिस्टन एकाच बाजूला, आतल्या बाजूला. तुम्ही पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलतं आणि पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. आता आतला पॅड आणखी पुढे जाऊ शकत नाही, म्हणून सगळा कॅलिपरच उलट्या दिशेने सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. हे सरकणं दोन पिनांवर चालतं. त्या पिना रबरी बुटात असतात आणि त्यांना ग्रीस लागतं. पावसाळ्यात रबर फाटलं, पाणी गेलं, गंज चढला की पिन जाम होते. मग कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड एकटाच काम करत राहतो आणि बाहेरचा बसल्या बसल्या पगार घेतो. (अशी टीम सगळ्यांनी पाहिली असेल.)

यातली गोम अशी, की चाकाच्या फटीतून डोकावलं तर दिसतो तो बाहेरचा पॅड. गाडी धुताना तुम्ही बघता, "अरे, बराच जाड आहे अजून" म्हणता, आणि आतला पॅड तिकडे पत्र्याला टेकलेला असतो.

माझ्या 2010च्या वॅगन-आरवर हेच झालं होतं. एका गॅरेजमधून (नाव नको, माणसं वाईट नाहीत) पॅड बदलून घेतले होते. बिल व्यवस्थित, जुने पॅड डिकीत ठेवलेले, सगळं रीतसर. सातेक हजार किलोमीटरनंतर टायर अदलाबदलीसाठी चाक काढलं, तर डावीकडचा बाहेरचा पॅड जवळजवळ नवा आणि आतला तीन मिलिमीटरच्या खाली. खालच्या पिनेचा रबरी बूट फाटलेला, ग्रीसचा मागमूस नाही. पिन हाताने हलेना. आणि गाडी चालवताना? काहीही जाणवत नव्हतं. पेडल ठीक, आवाज नाही, गाडी एका बाजूला ओढत नव्हती. मी मेकॅनिकला विचारलं तर तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, पॅड टाकले की काम झालं. पिना काढून एवढं कोण साफ करतं?"

मला त्याचा राग नाही आला. त्याच्या बाजूने बघा. त्याला पैसे मिळतात ते "पॅड बदलले" या एका ओळीचे. बाहेर चार गाड्या उभ्या आहेत, गिऱ्हाईक डोक्यावर उभं आहे, आणि बिलावर "पिना साफ करून ग्रीस लावलं" अशी ओळच नसते. असली तर आपणच "हे कशाला लावलंय?" म्हणून कटकट करतो. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये चकचकीत लाउंज आणि कॉफी असते, पण तिथेही मेकॅनिकचा वेळ मोजलेला असतो आणि काचेपलीकडे नेमकं काय चाललंय ते दिसत नाही. म्हणजे ज्या कामाला सगळे जिवाशी खेळ म्हणतात, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग बिलात बसत नाही म्हणून राहून जातो. आपण एकमेकांचा कोड रिव्ह्यूशिवाय पुढे जाऊ देत नाही, आणि इथे मात्र डिकीत ठेवलेल्या जुन्या पॅडवर समाधान मानतो.

ब्रेक नेमकं काय करतो याचा अंदाज यावा म्हणून थोडं बारावीचं फिजिक्स. माणसांसकट हजार किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून थांबवायची तर साधारण अडीच लाख जूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. लिटरभर पाण्याचं तापमान साठेक अंशांनी वाढवायला लागते तेवढी, आणि ती काही सेकंदांत. त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांचा, कारण ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. आता घाट घ्या. लोणावळा समुद्रसपाटीपासून 620 मीटरच्या आसपास, खोपोली साठेक मीटरवर. तीच गाडी तेवढी खाली उतरली की सुमारे 55 लाख जूल कुठेतरी जायला हवेत. म्हणजे ताशी 80 वरून वीस-बावीस वेळा करकचून थांबण्याइतके. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बराच भार इंजिन घेतं. न्यूट्रलवर उतरणारे महाभाग तो सगळा भार त्या चार पॅडवर आणि मागच्या ड्रमवर टाकतात. आता यात एका चाकाचा एकच पॅड काम करतोय अशी कल्पना करा.

तर आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप बाबांच्या पिढीचा, आणि त्याला एक खरं कारण आहे. त्यांच्या डोक्यात ब्रेकचं काम म्हणजे ड्रम. प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम होते. ड्रम उघडायचा म्हणजे ताणलेल्या स्प्रिंगा, त्या उडाल्या की शोधायच्या, लायनर कुठला पुढे कुठला मागे ते लक्षात ठेवायचं, मग अ‍ॅडजस्ट करत बसायचं. चुकलं तर चाक धरून ठेवणार. ते काम खरंच कटकटीचं होतं, आजही आहे. पण डिस्कमध्ये स्प्रिंगांचं ते जंजाळ नाही आणि अ‍ॅडजस्टमेंटही नाही. पिस्टनभोवती एक चौकोनी कापाची रबरी रिंग असते. पेडल दाबलं की ती किंचित पिळवटते, सोडलं की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेते. पॅड झिजला की पिस्टन रिंगमधून तेवढाच पुढे सरकतो. बस, झाली अ‍ॅडजस्टमेंट. इतकी साधी आणि हुशार गोष्ट मी आमच्या क्षेत्रात फार कमी पाहिली आहे. भीती ड्रमच्या काळातली आहे, ती डिस्कला चिकटून राहिली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: "तुझा ब्रेक गेला तर तू एकटा नाही मरणार, रस्त्यावरचा दुसराही मरेल. तुझ्या हौसेसाठी त्याने का मरावं?" हा प्रश्न टाळता येत नाही. माझं उत्तर असं, की हे काम कोणीही, कसंही, यूट्यूब बघून करावं असं मी म्हणतच नाहीये. पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी हवा. मित्र असेल, नाहीतर ओळखीच्या मेकॅनिकला त्याच्या वेळेचे पैसे देऊन "मी करतो, तुम्ही बघा" म्हणायचं. मला वाटतं मेकॅनिकचा हा सगळ्यात चांगला उपयोग आहे, आणि "आमच्या पोटावर पाय" ही तक्रारही तिथेच मिटते. ज्याला घाईत काम उरकायची सवय आहे, ज्याच्याकडे सपाट जागा नाही, किंवा अमुक बोल्ट घट्ट केला का हे ज्याला नंतर आठवत नाही, त्याने खरंच करू नये. पण त्या तिसऱ्या माणसासाठीही, ज्याने स्वतः चारही पॅड हातात धरून पाहिलेत अशा चालकाची गाडी मला जास्त सुरक्षित वाटते.

प्रत्यक्ष काम कसं असतं? सगळी कृती इथे देत नाही, तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हेच प्रमाण. पण ज्या गोष्टींवर लोक घसरतात त्या सांगतो.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा. विटा नकोत, फुटतात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. मग जॅक, आणि जॅकनंतर स्टँड. गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. काढलेलं चाकही गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. काही सटकलंच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही. खरं सांगायचं तर या सगळ्या कामातला सर्वात मोठा धोका ब्रेकचा नसून गाडी अंगावर येण्याचा आहे, आणि त्याबद्दल ते सल्ला देणारे चकार शब्द काढत नाहीत!

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहते. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की बहुतेक गाड्यांत तो वर फिरतो. पूर्ण काढलात तर ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. जुने पॅड काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, आणि काढल्यावर चारही पॅड शेजारी शेजारी मांडा. ही मांडणी म्हणजे तुमच्या गाडीचा ब्लड रिपोर्ट. चारही सारखे झिजलेत? उत्तम. आतला-बाहेरचा फरक आहे? पिना किंवा पिस्टन. एकाच पॅडची वरची कडा जास्त गेलीय? कॅलिपर तिरका बसतोय. डावी-उजवीत फरक? एका बाजूचा पिस्टन नीट मागे येत नाहीये. गॅरेजमधून येताना ही माहिती कचऱ्याच्या डब्यात गेलेली असते.

मग पिना. बाहेर काढा, पुसा, गंजाचे खड्डे पडले असतील तर बदला. बूट फाटले असतील तर बदला, दोन्ही वस्तू स्वस्त असतात. ग्रीस ब्रेकसाठीचंच, सिलिकॉनचं. घरातलं साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन आणखी जाम होते. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून बघा. त्याच्या खाली गेली असेल तर डिस्कही बदलायची. नसेल, तडे नसतील आणि पेडल थरथरत नसेल, तर "पॅडबरोबर डिस्क पण टाकून घ्या सर"ला नम्रपणे नकार द्यायचा.

पिस्टन आत ढकलताना बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा. पॅड झिजतात तशी त्या टाकीतली पातळी हळूहळू खाली जाते, कारण पिस्टन बाहेर आलेला असतो आणि त्याच्यामागे ऑइल भरलेलं असतं. सर्व्हिसिंगमध्ये कोणी "लेव्हल कमी होती, टॉप-अप केलं" म्हणून भर घातली असेल तर पिस्टन आत जाताना ते बाहेर येतं आणि रंग खातं. त्या टॉप-अपने आणखी एक गोष्ट होते: पॅड झिजल्याची एक फुकटची सूचना पुसली जाते. दुसरी सूचना म्हणजे पॅडवरची छोटी पत्र्याची पट्टी, पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. सगळ्याच पॅडवर ती नसते. आणि असली तरी एसी चालू, काचा बंद, गाणी लावलेली, बाहेर हॉर्न... ऐकणार कोण? महिन्यातून एकदा काचा खाली करून एखाद्या लांब कंपाउंड वॉलशेजारून सावकाश गाडी चालवा. भिंत सगळं ऐकवते.

ब्रेकची काळी धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, आणि बिननावाच्या स्वस्त पॅडमध्ये काय आहे कोण सांगणार. मास्क लावून ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा. पॅड घेताना कंपनीचे अधिकृत घ्या, नाहीतर टीव्हीएस गर्लिंग, राणे, बॉश असले नावाजलेले, ओळखीच्या दुकानातून आणि बिलासकट. पुण्यातले लोक नाना पेठेत जातीलच, तिथे सगळं मिळतं, डुप्लिकेटसुद्धा. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम.

सगळं बसवून, बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट करून झालं की इंजिन सुरू करायच्या आधी पेडल दाबत राहा. पहिल्यांदा ते थेट तळाला जाईल. काही बिघडलेलं नाही, पिस्टन मागे ढकललेला असतो, तो पॅडला टेकेपर्यंत असंच होणार. पण हे न करता गाडी गिअरमध्ये टाकलीत तर समोरची भिंत तुमची. पेडल कडक झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, यात चर्चा नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठवरून दहा-पंधरापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर देत. नवा पॅड डिस्कवर बसायला तेवढं लागतं. त्याआधी घाटात जाऊ नका.

वेळ? पहिल्यांदा अर्धा रविवार. पुढे दीड-दोन तास. त्यात सोसायटीच्या सेक्रेटरींशी "पार्किंगमध्ये रिपेअरिंग चालत नाही" या विषयावरची वीस मिनिटं धरलेली नाहीत. त्यांना उजव्या चाकाचा आतला पॅड दाखवा. आमचे सेक्रेटरी तो बघून स्वतःच्या गाडीचा विचार करत निघून गेले.

माझी सीमारेषा मात्र ठरलेली आहे: ऑइलचा पाइप उघडावा लागेल असं कुठलंच काम मी घरी करत नाही. पाइप उघडला की सिस्टिममध्ये हवा शिरते, ऑइल दाबता येत नाही पण हवा दाबता येते, आणि पेडल स्पंजासारखं होतं. ऑइल बदलणं महत्त्वाचं आहे. ते हवेतलं पाणी शोषत जातं. डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावरची मर्यादा 140 वर येते, आणि घाटात याचा अर्थ काय ते वर आलंच. पण ते काम मी पैसे देऊन करून घेतो. एबीएसच्या युनिटलाही तोच न्याय. एप्रिल 2019पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. नुसते पुढचे पॅड बदलायला त्याची अडचण येत नाही, फक्त चाकाजवळच्या सेन्सरच्या वायरला धक्का लागू द्यायचा नाही. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक आणि मागेही डिस्क असलेल्या नव्या गाड्यांत मात्र मागचा पिस्टन आधी स्कॅनरने मागे घ्यावा लागतो. तिथे घरचा सी-क्लॅम्प घेऊन शिरू नये.

आणि मागचे ड्रम? तेही मी गॅरेजमध्येच देतो, पण ड्रम उघडतात तेव्हा शेजारी उभा राहतो. मेकॅनिकला आधी ते बिलकुल आवडायचं नाही. "सर, तुम्ही ऑफिसात बसा ना, पंखा आहे तिकडे." आता पिनांचं प्रकरण झाल्यापासून तो स्वतःच हाक मारतो. गेल्या खेपेला म्हणाला, "या सर, हे बघा, इकडचा सिलिंडर ओला दिसतोय."